तळाची दुसरी जाळी

"माया, थांब! समोर सोफा आहे!" दामिनी ओरडली.

पण उशीर झाला होता. मायाने दोन्ही हात पुढे केले, पाण्यात सूर मारावा तसा पाय उचलला आणि ती थेट सोफ्याच्या उशांमध्ये जाऊन आदळली.

"बुडाली! बुडाली!" पियुषने टाळ्या पिटल्या. "सोफ्यात बुडणारी नागपूरची पहिली पोट्टी!"

"हास तू!" डोळ्यांवरचा जाडजूड व्हीआरचा गॉगल न काढताच माया म्हणाली. "मी आत्ता स्विमिंग पूलच्या तळाशी उभी आहे. चारी बाजूंनी निळंनिळं पाणी! अन् तू तिथं कूलरसमोर घाम पुसून राहिला!"

मे महिना होता. हुडकेश्वरच्या गोकर्ण सोसायटीत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. सोसायटीचा नवा स्विमिंग पूल बांधून झाला होता, पाणी भरणं चालू होतं आणि रविवारी उद्घाटन होतं. तोपर्यंत कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा सेक्रेटरी श्रीधरकाकांचा हुकूम होता. नववीत जाणारी दामिनी, तिच्याच वर्गातला पियुष आणि त्याची पाचवीतली बहीण माया या तिघांना मात्र धीर धरवत नव्हता. म्हणून ते खऱ्या पूलऐवजी खोट्या पूलमध्ये शिरले होते!

हा खोटा पूल चिन्मयीताईने तयार केला होता. ती दामिनीच्या वरच्या मजल्यावर राहायची (आत्ता तिच्याच घरात हा दंगा चालला होता) आणि कळमेश्वरच्या एका कंपनीत नोकरी करायची. नव्या कामगारांनी मोठ्या यंत्रांना हात लावण्याआधी ती यंत्रं आतून-बाहेरून पाहावीत, म्हणून ती त्यांची कॉम्प्युटरवर मॉडेलं बनवायची. सोसायटीच्या पूलचं मॉडेल तिने ड्रॉइंगवरून हौसेने केलं होतं. लिंक दाबली की ते मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडायचं. बोटाने फिरवा, फरश्या उचलून बाजूला करा, पंप चालू करा, पाइपातून पाणी कसं धावतं ते बघा! आणि गॉगल लावला तर आपण थेट त्याच्या आतच!

"तळाशी काय दिसून राहिलं?" दामिनीने विचारलं.

"दोन गोल जाळ्या. मधून थोड्या फुगलेल्या, पालथ्या वाटीसारख्या." मायाने खाली वाकून हवेतच हात फिरवला. "ऐका! रविवारी सगळ्यांच्या आधी बुडी मारून या जाळीले हात लावणार मी! लावता शर्यत?"

"लावली!" पियुष म्हणाला.

"त्या जाळ्यांतून पाणी पंपाकडे जातं," लॅपटॉपवरून मान वर करत चिन्मयीताई म्हणाली. "तिथून गाळणीत आणि मग स्वच्छ होऊन परत पूलमध्ये. चल, आता गॉगल पियुषला दे. नाहीतर तो माझा कूलर संपवेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही कुंपणाला नाक लावून उभे होते. पूल काठोकाठ भरला होता. ठेकेदार विक्कीभाऊ पंप चालू करून बघत होते. इतक्यात गरम वाऱ्याचा झोत आला आणि कठड्यावर वाळत घातलेला एका मजुराचा टॉवेल उडून पाण्यात पडला.

टॉवेल भिजला, हळूहळू खाली गेला आणि मग अचानक, कोणीतरी खालून ओढून घ्यावा तसा सर्रकन तळाला जाऊन चिकटला!

"अरे बाप रे!" पियुष पुटपुटला.

मजुराने लांब बांबूला आकडा लावून टॉवेल ओढला. टॉवेल हलेना. त्याने जोर लावला. टर्र! टॉवेलचा एक तुकडाच आकड्याला लागून वर आला. शेवटी विक्कीभाऊंनी पंप बंद केला, तेव्हा उरलेला टॉवेल सुटला आणि आकड्याला लागून अलगद वर आला.

"पाहा, काय पावर आहे आपल्या पंपाची!" विक्कीभाऊ हसत म्हणाले.

माया मात्र हसत नव्हती. ती पाण्याकडे एकटक बघत होती.

"दामिनीताई, जाळी एकच आहे."

"काय?"

"टॉवेल चिकटला होता ना, ती एक. दुसरी कुठी आहे? तिथं तर नुसत्या फरश्या आहेत. अन् ही जाळी फुगलेलीबी नाही, सपाट आहे."

दामिनीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. तळाच्या निळ्या फरश्यांमध्ये एकच काळपट वर्तुळ दिसत होतं.

"मग ताईचं मॉडेल चुकलं असन," पियुष म्हणाला.

"किंवा पूल चुकला असन," दामिनी म्हणाली. "चल घरी!"

पियुषच्या आईच्या टॅबवर त्यांनी लिंक उघडली. दामिनीने फरश्यांचा थर बाजूला केला. दोन्ही जाळ्यांपासून निघालेले दोन पाइप पंपरूमपर्यंत जात होते आणि तिथे एकत्र होऊन पंपाला मिळत होते. तिने पंप चालू केला. दोन्ही पाइपांतून निळे बाण पळू लागले.

"आता एका जाळीवर झाकण ठेव," पियुष म्हणाला.

दामिनीने जाळीवर बोट ठेवून 'बंद' निवडलं. त्या पाइपातले बाण थांबले आणि दुसऱ्या पाइपातले दुप्पट वेगाने धावू लागले. पंपाजवळच्या, पाण्याची ओढ दाखवणाऱ्या मीटरचा काटा जरासा हलला, इतकंच.

"म्हणजे एक जाळी झाकली गेली, तर पंप दुसरीतून पाणी ओढते," माया म्हणाली. "झाकलेलीवर जोर राहत नाही."

"हो. आता आपल्या खऱ्या पूलसारखं करू." दामिनीने दुसरी जाळी तिच्या पाइपासकट काढून टाकली. मग उरलेल्या एकुलत्या जाळीवर झाकण ठेवलं.

मीटरचा काटा गर्रकन फिरून लाल पट्ट्यात गेला. पडद्यावर पंप थरथरू लागला.

टॅबवर तो लाल काटा तसाच थरथरत राहिला.

"तो टॉवेल होता," पियुष हळूच म्हणाला. "पण एखाद्याची पाठ असती तर? किंवा..." त्याने मायाच्या लांब वेणीकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

"शर्यत कॅन्सल," माया पुटपुटली.

"शर्यत नाही, उद्घाटन कॅन्सल करायचं आहे आपल्याले!" दामिनीने टॅब बंद केला. तिचा आवाज शांत होता, पण तिने मूठ आवळली होती.

संध्याकाळी चिन्मयीताई कळमेश्वरहून आली. तिने चहासुद्धा न घेता सगळं ऐकलं आणि लगेच विक्कीभाऊंना फोन लावला. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "म्याडम, टेन्शनच घेऊ नका! दोनीच्या दोनी जाळ्या लावल्या आहेत. पाण्यात नीट दिसत नसन पोट्ट्यांले!"

ताईने फोन ठेवला. "ते म्हणतात, आहेत. तुम्ही म्हणता, नाहीत."

"तुझं मॉडेल काय म्हणते?" पियुषने विचारलं.

"माझं मॉडेल काय असायला हवं तेवढंच सांगतं, पियुष. काय आहे ते नाही सांगत. ते जाऊन डोळ्यांनीच बघावं लागतं."

"पाण्यात उतरता येत नाही," माया म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "पण ते दोन पाइप पंपरूममध्ये निघतात ना! मी गॉगल लावून गेली होती तिथं!"

शनिवारी सकाळी पियुष दोन्ही हात मागे बांधून विक्कीभाऊंसमोर जाऊन उभा राहिला.

"विक्कीभाऊ, ताईच्या गॉगलमध्ये आम्ही तुमची पंपरूम पाहिली. एकदम झकास! खरी तेवढी भारी नसन ना?"

"काहून नसन बे?" विक्कीभाऊंनी कॉलर ताठ केली. "त्याहून भारी आहे! या, दाखवतो!"

पंपरूम जमिनीखाली होती. दारातच मायाने डोळे मिटले.

"काय करून राहिली वं?" विक्कीभाऊंनी विचारलं.

"आठवून राहिली. डाव्या हाताले गाळणीची मोठी टाकी. तिच्यापुढे मीटर. मग पंप. अन् पंपाच्या मागं भिंतीतून दोन जाड पाइप, दोन्हींवर पाणी अडवायचं एकेक निळं चाक." तिने डोळे उघडले आणि बोट दाखवलं. "टाकी आहे. मीटर आहे. पंप आहे. पण निळं चाक एकच आहे!"

भिंतीतून दुसरा पाइपही निघाला होता. पण वीतभर पुढे येऊन संपला होता. त्याच्या तोंडावर पांढरं बूच घट्ट बसवलेलं होतं.

"हा कुठी जाते, भाऊ?" दामिनीने विचारलं आणि मोबाइलने फोटो काढला.

विक्कीभाऊंचा चेहरा उतरला. "ती... ती स्पेअर लाइन आहे. चला, बाहेर निघा! फोटो-बिटो काढू नका. इथं करंट राहते!"

तिघंही धावत उद्घाटनाच्या मंडपात गेले. श्रीधरकाका खुर्च्या मांडून घेत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात फुलांच्या माळांची पिशवी. दामिनीने फोटो दाखवला, टॅबवरचं मॉडेल दाखवलं, लाल काटा दाखवला.

"छान आहे व्हिडिओ गेम," काका म्हणाले.

"गेम नाही, काका! हे तुमच्याच पूलचं मॉडेल आहे."

"हे पाहा बाळा, ठेकेदारानं काम पूर्ण झाल्याचं लिहून दिलं आहे. उद्या पाहुणे येऊन राहिले. मंडप बांधला, केटरर सांगितला. कार्टूनमध्ये काटा लाल झाला म्हणून खरा कार्यक्रम बंद करत असते का कोणी? उद्घाटन होऊ द्या, मग पाहू."

"पण काका, उद्घाटन झालं की पोरं लगेच पाण्यात उतरतील!"

"त्यासाठीच तर बांधला पूल! चला, उन्हात फिरू नका."

तिघं जिन्यात येऊन बसले. पियुषने वैतागून पायरीवर लाथ मारली आणि मग स्वतःचाच अंगठा चोळत बसला. चिन्मयीताईनेही त्या दुपारी काकांना फोन केला. तिलाही तेच उत्तर मिळालं: उद्घाटन होऊ द्या, मग पाहू!

"मॉडेलवर विश्वास नाही, फोटोवर नाही, ताईवरबी नाही," पियुष म्हणाला. "आता काय देवाले अर्ज करायचा?"

दामिनी उठून उभी राहिली.

"मॉडेलमध्ये आपण जाळीवर झाकण ठेवलं होतं ना? तेच खऱ्या पूलमध्ये ठेवायचं. सगळ्यांसमोर!"

"अन् ठेवणार कोण? पाण्यात जाऊन?"

"कोणीच नाही. बादली जाईल!"

तिने चिन्मयीताईला बेत सांगितला. ताईने दोनदा खोदून खोदून प्रश्न विचारले आणि मग बोट वर केलं. "दोन अटी. एक माणूसही पाण्यात उतरणार नाही. आणि पंपाच्या बटणापाशी मी उभी राहीन. कबूल?"

"कबूल!"

उरलेली दुपार नुसती धावपळ! मॉडेलमध्ये मोजपट्टीचं बटण होतं. त्याने जाळी मोजली, तर ती नाश्त्याच्या प्लेटएवढी निघाली. म्हणजे बादलीचा तळ त्याहून मोठा हवा. दामिनीच्या घरातली लोखंडी बादली बरोबर बसत होती. पियुषने पंक्चरच्या दुकानातून ट्रकची फाटकी ट्यूब आणली. तिचा गोल तुकडा कापून बादलीच्या बुडाला बाहेरून चिकटवला, म्हणजे फटीतून पाणी शिरणार नाही. बुडावी म्हणून आत विटा ठेवल्या. मायाने मॉडेलवर बघून जाळी कोणत्या कोपऱ्यापासून किती आत आहे ते मोजलं आणि चिन्मयीताईसोबत जाऊन काठावर खडूने खूण केली.

आता एकच काम उरलं होतं. पियुष केस नीट बसवून श्रीधरकाकांकडे गेला.

"काका, उद्याच्या कार्यक्रमात आम्हा मुलांचा एक आयटम ठेवा ना! रस्सीखेच. एका बाजूले सोसायटीतले सगळ्यात ताकदवान काका अन् दुसऱ्या बाजूले पाण्यातली एक बादली!"

"बादली?" काका खो खो हसले. "बादलीले कोण हरते बे? ठेव, ठेव! पाहुण्यांची करमणूक होईन. मीच ओढतो पहिले!"

रविवारी सकाळी मंडप गच्च भरला होता. पोहे झाले, हार झाले, भाषणं सुरू झाली. मुलं पोहण्याचे कपडे घालून काठावर चुळबुळ करत होती. विक्कीभाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. पंप घरघरत होता आणि चिन्मयीताई पंपरूमच्या दारात त्याच्या बटणापाशी उभी होती.

"फीत कापण्याआधी," श्रीधरकाका माइकवर म्हणाले, "आपल्या बालगोपाळांचा एक मजेदार आयटम!"

दामिनीने सगळ्या मुलांना काठापासून दूर उभं केलं. खुणेपाशी उभं राहून तिने आणि पियुषने दोर सोडला. बादली खाली गेली. मायाने लांब बांबूने तिला हळूच सरकवलं. थोडं डावीकडे... अजून थोडं...

ठप्प!

दोराला असा हिसका बसला, की पियुष पुढे ओढला गेला. दामिनीने त्याची कॉलर धरली.

"काका, ओढा!"

श्रीधरकाकांनी दोर धरला आणि मिशीतल्या मिशीत हसत ओढला. बादली हलली नाही. हसू गेलं. त्यांनी पाय रोवले, दात-ओठ खाल्ले. बादली जागची हलेना!

"अरे, या रे कोणी!"

मागे आणखी दोन काका आले. व्यायामशाळेत जाणारे होते. दोर ताणून ताठ झाला. "हैय्या! हैय्या!" लोक ओरडू लागले. पंपरूममधून पंपाचा आवाज बदलला. घरघर जाऊन तो कण्हू लागला. बादलीची जाड लोखंडी कडी वाकून लांबट झाली, पण बादली तळाला घट्ट चिकटून होती.

हळूहळू लोकांचं ओरडणं थांबलं. आता कोणालाच मजा वाटत नव्हती.

दामिनीने हात वर केला. "ताई, बंद कर!"

पंप थांबला. क्षणात बादली सुटली आणि तिघंही काका एकमेकांच्या अंगावर धाडकन मागे पडले.

दामिनी माइकपाशी गेली.

"बादलीच्या जागी आमच्यातलं एखादं पोर असतं, तर तिघांनी ओढूनही ते सुटलं नसतं. तळाले दोन जाळ्या हव्या होत्या. एक झाकली गेली तर दुसरीनं पाणी ओढावं म्हणून. इथं एकच आहे. दुसऱ्या पाइपाले बूच मारलं आहे. आम्ही सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही."

काठावरच्या एका आईने आपल्या लहान मुलीला जवळ ओढून घेतलं.

श्रीधरकाका कपडे झटकत उठले. त्यांनी दोराने लाल झालेल्या आपल्या तळहातांकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे.

"विक्की, खरं आहे हे?"

विक्कीभाऊ उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता. "फरश्या बसवताना दुसऱ्या लाइनीत सिमेंट गेलं, साहेब. लाइन चोक झाली. फोडायची म्हटलं तर तारीख चुकली असती. मले वाटलं, एकावर चालून जाते. म्हणून वरून फरशी बसवून टाकली. फुगीर जाळी पुरी झाकली जात नाही, पण ती बाजारात मिळाली नाही, तं सपाट लावली." त्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"तुझं चुकलं. अन् माझंही चुकलं." काकांनी फितीजवळचं ताट उचललं आणि त्यातली कात्री खिशात टाकली. "आजचं उद्घाटन रद्द. पंपरूमले कुलूप. हा पूल रिकामा होईन, फरशी फुटेन अन् दुसरी लाइन चालू होईन. तोपर्यंत इथं कोणी पाय नाही ठेवायचा. मीसुद्धा!"

मग ते तिघांसमोर येऊन उभे राहिले. मोठ्या माणसाला जे सगळ्यात कठीण जातं, ते त्यांनी भर मंडपात केलं.

"पोट्ट्यांनो, मी तुमच्या मॉडेलले कार्टून म्हटलं. माफ करा मले."

पहिली टाळी कोणी वाजवली ते कळलं नाही. पण मग मंडप दणाणून गेला. लहान मुलीला जवळ धरून बसलेली ती आई पुढे आली आणि तिने मायाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले. पियुषच्या बाबांनी त्याची पाठ इतक्या जोरात थोपटली, की तो कळवळला, "बाबा, हळू! बादलीपेक्षा तुमचाच जोर जास्त आहे!"

पुढचे काही दिवस पूलमध्ये छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमत राहिला. विक्कीभाऊ स्वतः उन्हात उभे राहून काम करून घेत होते. चिन्मयीताईने सुट्टी घेऊन प्रत्येक जोड तपासला. आणि श्रीधरकाका? ते रोज संध्याकाळी ताईकडे येऊन गॉगल लावायचे आणि मायाला विचारायचे, "बेटा, हा कोणता व्हॉल्व्ह? अन् हा बंद केला तं काय होते?" माया त्यांना अशा रुबाबात शिकवायची, की पियुष तिला 'माया म्याडम' म्हणू लागला.

पाणी पुन्हा भरलं, तेव्हा तळाशी दोन फुगीर जाळ्या स्पष्ट दिसत होत्या. मुलांनी पंप चालू ठेवून एका जाळीवर बादली सोडली. या वेळी मायाने ती एकटीने, हसत हसत वर ओढली.

उद्घाटनाला या खेपेला मंडप नव्हता, पाहुणे नव्हते. नुसते सोसायटीतले लोक आणि ओळीने उभी असलेली अधीर मुलं. श्रीधरकाकांनी फीत स्वतः कापली नाही. त्यांनी कात्री दामिनीच्या हातात दिली.

"बोल वं दामिनी! सगळं ठीक आहे ना आता? तू हो म्हटलं तरच पोरं पाण्यात जातील."

दामिनीने फीत कापली. एकदा पाण्याकडे, एकदा चिन्मयीताईकडे पाहिलं.

"मॉडेलमध्ये पाहिलं, काका. पंपरूममध्येही पाहिलं," ती म्हणाली आणि नाक दाबून तिने डोळे मिटले. "आता आतून पाहते!"

आणि तिने धबाककन उडी मारली!